नावापुरतं आकाश

महापूर ओसरला की फ्रेमवाल्याकडे आधी देव येतात, मग वारलेले आई-वडील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या दुकानासमोर असेच दोन ढीग लागले होते. काचेच्या आत गाळ शिरलेला दत्त, रंग जाऊन नुसता मुकुट उरलेली लक्ष्मी, चंदनाच्या हारासकट फुगलेले कुणाचे तरी आजोबा. दुकान सांगलीत, विश्रामबागला, पाण्यापासून लांब, त्यामुळे गावभाग, खणभाग, हरभट रोड, पार सांगलवाडीपासून लोक यायचे. देवांचं काम सोपं. छापील चित्र नवं मिळतं, पट्टी धुऊन-पुसून परत लावता येते. आजोबांची मात्र दुसरी प्रत नसते. 'मोबाईलमध्ये आहे का एखादा फोटो?' एवढं विचारलं तरी चांगली धडधाकट माणसं रडायला लागायची. त्या दिवसांत मी फ्रेमा कमी केल्या आणि चहाच जास्त पाजला.

अशात एका सकाळी अण्णांच्या सुनेचा फोन आला. "दादा, आज घर उघडलंय. अण्णा कपाटाला कुणाला हात लावू देईनात. म्हणतात, आधी फ्रेमवाल्याला बोलवा."

अण्णा म्हणजे आमच्या भागातले निसर्गचित्रकार. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. पंचाहत्तरी ओलांडलेली, तरी सायकल सुटलेली नव्हती. हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम, पावसातला आयर्विन पूल, औदुंबरचा घाट, दंडोबाचा डोंगर हे त्यांचे ठरलेले विषय, आणि चित्राची ठेवणही ठरलेली. खाली चार बोटं जमीन, मध्ये पाण्याची रेघ, बाकी सगळं आकाश. त्या आकाशात फारसं काही नसायचंच. कोल्हापूरला शाहू स्मारकात प्रदर्शन झालं तेव्हा या रिकाम्या आकाशावर लोक भरभरून बोलले होते. कुणाला त्यात कृष्णाकाठचं वैराग्य दिसलं, कुणाला ध्यान. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगत आलो होतो. फ्रेमवाल्याला चित्राबद्दल चार वाक्यं पाठ असावी लागतात.

गावभागात पोचलो तर गल्लीत गुडघाभर कचरा, गाद्या, फुगलेली दारं, आणि सगळ्यावर तो वास. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको. अण्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते. समोरच्या भिंतीवर ऑईल पेंटची लाल रेघ होती आणि तिच्याशेजारी सुबक अक्षरांत लिहिलेलं : २००५. त्या पुरात पाणी तिथवर आलं होतं. अण्णांनी मग कपाट असं बसवून घेतलं की वरचा कप्पा रेघेच्या दोन वीत वर राहील. त्या कप्प्यात आयुष्यभराची निसर्गचित्रं. हिशेब चोख होता. सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला 'कसं काय' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतो. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २००५ ला त्रेपन्नच्या वर गेलं होतं ही प्रत्येकाच्या डोक्यातली शेवटची पायरी. या वेळी पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. लाल रेघ खाली कुठंतरी राहिली.

माळ्यावर कौलांखाली एक पत्र्याची ट्रंक होती, तिला मात्र थेंब लागला नव्हता. तिच्यात अण्णांचं 'पोटाचं काम' होतं. हळदीच्या पाकिटांची डिझाइनं, बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं, खतांच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती, सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायच्या स्लाइडींची कच्ची कामं. रद्दीत घालायची म्हणून बाजूला काढून ठेवलेली ट्रंक. जपलेलं भिजलं, टाकायचं ते ठणठणीत.

"अबालालांची गोष्ट ठाऊक आहे ना तुला?" अण्णा म्हणाले.

आमच्याकडे चित्रांशी ज्याचा संबंध आला त्याला ती ठाऊक असतेच. १९२२ साली शाहू महाराज गेले तेव्हा कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांनी दुःखाच्या भरात आपली चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं सांगतात.

"त्यांना तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. मला घरपोच."

एवढं बोलून ते उठले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

कपाट उघडलं तेव्हा कागद वेगवेगळे दिसतच नव्हते, एक जाड लादी झाली होती. इथं घाई केली की सगळं जातं. ओला कागद कोपऱ्याला धरून उचलला तर कोपराच हातात येतो. खालून प्लायवूड सरकवून सगळा गठ्ठा आहे तसा टेम्पोत आडवा ठेवला आणि दुकानात आणला. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, इथं तर आठवडा उलटून गेला होता. कडांना काळे-हिरवे ठिपके दिसायला लागले होते. सगळं एका दिवसात सुटणार नव्हतं, म्हणून निम्मा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये टाकला. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि आपल्याला सवड मिळते. आइस्क्रीमवाल्याने 'याला भाडं नको, पण आरोग्य खात्याचं कुणी आलं तर तुम्ही बोला' म्हणून जागा दिली.

सुकवायला माझ्याकडे सोय आयती होती. जुन्या फ्रेमांवर डासांची जाळी ताणून खिळवली की वरून-खालून वारा लागणारी चौकट तयार होते. खाली टीपकागद. टीपकागद संपला तेव्हा ओळखीच्या प्रेसमधून रिळाचा उरलेला कोरा न्यूजप्रिंट आणला. छापलेला पेपर वापरायचा नाही, त्याची शाई ओल्या चित्रावर उतरते. एकमेकांना चिकटलेल्या कागदांच्या मधे पारदर्शक प्लास्टिकची शीट हळूहळू सरकवायची, कागद त्या शीटवरच उचलायचा आणि चित्राची बाजू वर ठेवून जाळीवर उतरवायचा. अण्णा शेजारी स्टुलावर. मी एकेक सोडवत होतो आणि ते एकेक ओळखत होते.

नवं काम वर, जुनं खाली, अशी त्यांची ठेवायची पद्धत. त्यामुळे अण्णांचं आयुष्य त्या दिवशी माझ्यासमोर उलटं उलगडत गेलं.

वरचे कागद अलीकडचे. जाड, शंभर टक्के कापसाचे, परदेशी. हे बऱ्यापैकी तगले होते. जलरंग डिंकात बांधलेला असतो, पाण्यात तो सुटणारच. पण काही रंग कागदाच्या धाग्यात मुरतात, काही नुसते वर बसतात. मुरणाऱ्या निळ्याने दम धरला होता, वर बसणारी माती-रंगाची छटा वाहून कडेला जमली होती. आयर्विनच्या कमानी राहिल्या आणि पुलावरची माणसं गेली. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं. "बरं झालं. ती माणसं मला कधी जमलीच नव्हती."

त्यांच्या खालचे कागद विशी-पंचविशी उलटलेले, साधे कार्ट्रिजचे. या काळात पोटाचं काम बंद पडलं होतं. फ्लेक्स आला. तोवर सांगलीत दुकानाचा बोर्ड म्हणजे पेंटर, पायाड, खडूच्या दोरीची रेघ आणि एनॅमलचा डबा. दोन-चार दिवाळ्यांत सगळं गेलं. त्याआधीच संगणकाने पाकिटांची आणि लेबलांची कामं नेली होती. अण्णांकडे दोन पोरं हाताखाली होती, एक पुढे रेडियमच्या नंबरप्लेटी कापायला लागला, दुसरा फ्लेक्सच्याच मशीनवर बसला. अण्णा सायकल काढून रोज पहाटे हरिपूरला जायला लागले. त्यांना निसर्गचित्रकार म्हणून जग ओळखायला लागलं ते इथून. पण गठ्ठा अजून बराच खाली शिल्लक होता, म्हणजे चित्रं त्याआधीही चालूच होती, फक्त रविवारी.

जेवणानंतर तळाच्या कागदांना हात घातला आणि काम अडलं. हे पोस्टर कलरमधले होते. जाहिरातीच्या कामातले उरलेले रंग, उरलेला आयव्हरी कार्ड. पोस्टर कलर दाट, झाकणारा. वाळला की दगडासारखा वाटतो आणि पाणी लागलं की पुन्हा रंगच होतो. जाळीवर कागद ठेवला आणि संगमाचं आकाश दुधावरच्या सायीसारखं एका बाजूला घसरलं. मी थांबलो. धरून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. अण्णा म्हणाले, "जाऊ दे त्याला. खाली काय आहे बघू."

खाली पेन्सिल होती. शिसं पाण्यात विरघळत नाही. रंग उतरला तशी पन्नासेक वर्षांपूर्वीची रेघ ताजी होऊन वर आली. कागदभर चौकटी आखलेल्या. कडेला काड्यापेटीएवढी तीन कच्ची रेखाटनं, त्यातल्या एकावर बरोबरची खूण. समासात चारी बाजूंना बारीक अधिकच्या खुणा, छपाईत एकावर एक रंग नेमका बसावा म्हणून करतात तशा. हे एवढं असणार हा अंदाज मला होता. जाहिरातीत हात घडलेला माणूस चौकटी आखणारच. पण वर, जिथं आकाश होतं, तिथं पट्टीने ओढलेल्या दोन समांतर रेघा होत्या. त्यांच्यामध्ये तीन बोटांचं अंतर. वरच्या रेघेच्या डोक्यावर आणखी एक फिकट रेघ. बोर्ड रंगवणारा माणूस रोज ओढतो त्या रेघा. वरच्या रेघेला अक्षरं टांगायची, खालच्या रेघेवर काने टेकवायचे, आणि सगळ्यात वर वेलांट्या-मात्रांना जागा.

"अण्णा, हे काय? इथं काय लिहायचं होतं?"

ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

मग त्यांनी सांगितलं ते सलग नव्हतं, मीच जोडून लिहितोय. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटला चांगली श्रेणी मिळाली. ड्रॉइंगच्या मास्तरांनी मुंबईला जे. जे. ला धाडलं. यांना शिकायचं होतं पेंटिंग. वडील हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर मजूर. जमिनीखालच्या त्या पेवांत उतरून हळद काढायचं काम. ते म्हणाले, चित्रं काढून पोट भरतं त्या खोलीत बस. ती खोली म्हणजे कमर्शियल आर्ट. जे. जे. मध्ये हा विभाग १९३५ पासून होता, आणि १९६१ मध्ये त्याची वेगळी संस्था झाली, त्यानंतर लगेचच हे तिथं दाखल झाले. समोरच्या इमारतीत मॉडेल बसवून पोर्ट्रेट चालायचं आणि हे इकडे साबणाच्या वडीवर चकाकी आणत बसायचे. दलालांची आणि मुळगावकरांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठं, कॅलेंडरं हेच वसतिगृहातल्या पोरांचं दैवत. पेंटिंगवाली पोरं त्यांना नाकं मुरडायची. शिकून झाल्यावर एका जाहिरात कंपनीत फिनिशिंगला लागले. दुसऱ्याने ठरवलेलं चित्र तिसऱ्याच्या नावाने पुरं करायचं. आई आजारी पडली आणि परत आले.

सांगलीत काम मिळालं ते कॅलेंडरांचं. शिवकाशीहून देवादिकांची छापील कॅलेंडरं यायची आणि व्यापारी त्यावर पेढीचं नाव इथल्या प्रेसमधून टाकून घ्यायचे. काही व्यापाऱ्यांना देव नको, आपलं गाव हवं असायचं. गणपतीचं देऊळ, संगम, पूल. ते अण्णा काढायचे. आणि कॅलेंडरच्या चित्राचा एकच कायदा. वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडायचा. तिथं नाव येतं. नावाच्या मागे ढग आला, झाडाची फांदी आली, उडता बगळा आला, तर अक्षर वाचत नाही आणि गिऱ्हाईक पैसे देत नाही.

"म्हणून आकाश," अण्णा म्हणाले. "रविवारी स्वतःसाठी काढायला बसलो तरी हात ती जागा सोडायचा. आधी रेघा मारूनच सुरुवात करायचो, सवयीनं. मग रेघा मारायच्या बंद झाल्या, जागा राहिली."

"आणि ते वैराग्य वगैरे?"

"ते त्यांनी घातलं. मी जागा सोडली, त्यांनी त्यांचं नाव घातलं."

मी परत जाळ्यांवरून फिरलो. आता सगळीकडे तेच दिसत होतं. कापसाच्या कागदावरच्या परवाच्या चित्रातही आकाश बरोबर तिथंच थांबत होतं. रंग मोजले तर कुठल्याही चित्रात तीन, फार तर चार. तेही मी संयम म्हणून विकत आलो होतो. अण्णांनी त्याचाही उलगडा केला. ठशाच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक करायचा आणि कागद मशीनमधून पुन्हा एकदा काढायचा. रंग वाढला की खर्च वाढला. व्यापारी दोन रंगांचे पैसे द्यायचा आणि पाच रंगांचं चित्र मागायचा. मग निळ्यावर पिवळा चढवून हिरवा काढायचा, सावलीला वेगळा रंग न घेता तोच निळा वापरायचा. नदीकाठची सावली निळी असते हे लोकांनी पुढे कौतुकाने म्हटलं. अण्णांना ती निळी परवडत होती.

मला विचाराल तर यात चित्र उणं होत नाही. उलट मला पहिल्यांदाच त्या आकाशाचा आधार कळला. रिकामी जागा नुसती सोडली तर ती भोकासारखी दिसते. माझ्याकडे येणाऱ्या हौशी चित्रकारांची निम्मी आकाशं तशीच असतात. अण्णांच्या आकाशाला वजन आहे, कारण ते कुणासाठी तरी राखून ठेवलंय. खालचं देऊळ, घाट, होडी, सगळं त्या न लिहिलेल्या नावाला जागा देऊन बाजूला सरकून बसलंय.

संध्याकाळी अण्णांचा मुलगा पुण्याहून आला. तो इंजिनिअर. दिवसभर रस्त्यात काढून, घर बघून थेट दुकानात. त्याने जाळ्यांवरचे कागद बघितले आणि बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, यातलं काय वाचेल. मी सांगितलं ते खरं सांगितलं. वरची सावरतील, डाग राहतील. मधल्यांचं अर्धंमुर्धं. खालच्या पोस्टर कलरमध्ये चित्र उरलेलं नाही, पेन्सिल आहे, आणि मला ती फ्रेम करायची आहे. समासासकट. माउंटने काही झाकायचं नाही, कागद मोकळा ठेवून मागच्या बोर्डावर नुसता तरंगता बसवायचा, म्हणजे खुणा, कच्ची रेखाटनं, रेघा सगळं दिसेल.

"त्या रेघा दिसल्या तर लोक म्हणतील, हे कॅलेंडरचं काम आहे."

"आहेच," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही थांबा. इतकी वर्षं त्या शिक्क्यातून बाहेर यायला घालवलीत. प्रदर्शनात आपण जाहिरातीचा उल्लेख तरी केला का कधी? माहितीपत्रकात दोन ओळी नाहीत." त्याचंही चुकत नव्हतं. बापाला 'पेंटर' म्हणून हाक मारलेली त्याने लहानपणी ऐकली होती आणि 'चित्रकार' म्हणून शाल घेताना नंतर बघितलं होतं. त्यातलं अंतर त्याला माहीत होतं, मला नाही. तो म्हणाला, माउंट लावा, कडा झाका, आकाशातल्या रेघा रबराने हलक्या करता येतात का बघा. मी म्हटलं, ओल्या कार्डाला रबर लागणार नाही, आणि वाळल्यावर मी लावणार नाही. दुसऱ्याकडून करून घ्या. धंद्यात असं बोलू नये हे मला कळतं. अण्णा दोघांकडे आलटून पालटून बघत होते आणि त्यांना त्यात मजा वाटत असावी असा मला संशय आहे.

तेवढ्यात मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी त्यांचा दत्त न्यायला आले. परवाच दिला होता, पट्टी बदलून तयार होता. पैसे काढता काढता त्यांची नजर जाळीवर गेली. उतरलेला रंग, पेन्सिलीचं देऊळ, पाण्याची रेघ, वर दोन आडव्या रेघा. ते वाकले, अगदी जवळून बघितलं. अध्यात्माचं काही बोलले नाहीत.

"वरती नावाची जागा सोडलीय जणू," ते म्हणाले. "कुणाचं हाय हे? आमच्या गादीवर लावायला झकास होईल. वाळल्यावर पेढीचं नाव टाकून मिळेल का तिथं?"

मुलाने तोंड फिरवलं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी शर्टाच्या टोकाला चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि स्टूल ओढून कागदापाशी आणलं.

"नाव सांगा," ते म्हणाले. "जोडाक्षरं किती आहेत त्यात?"